'ठेवी शंभर टक्के सुरक्षित' हे वाक्य आधी फलकावरून उतरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची मध्यम आकाराची पतसंस्था. एका शाखेच्या व्यवस्थापकाने ठेवीदारांच्या मुदत ठेव पावत्यांवर परस्पर तारण कर्जं काढली. गुन्हा दाखल झाला, व्यवस्थापक निलंबित झाला, बातमीही आली. संचालक मंडळाने वर्तमानपत्रात निवेदन दिलं, सगळ्या शाखांबाहेर फलक लावले, आणि नेमकी त्यानंतरच ठेवी काढायला रांग लागली. प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतः संचालक आहेत. लोकांचा विश्वास परत यावा असं पत्र कसं लिहायचं, भाषा कशी ठेवायची, असं त्यांना हवं आहे.

संस्था अडचणीत आल्या की त्यांची निवेदनं, ठेवीदारांना किंवा पालकांना जाणारी पत्रं, सभेतली भाषणं लिहून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. पतसंस्था, दवाखाने, शाळा, एखादी सोसायटी, सगळे येतात. आणि बहुतेक जण तुमच्यासारखंच म्हणतात, "जरा चांगल्या शब्दांत लिहून द्या." पण चांगल्या शब्दांची टंचाई तुमच्याकडे नाहीच. तुमच्या निवेदनात ते भरपूर आहेत. ठेवीदार ते वाचताना मनात एकच हिशेब करतोय: उद्या सकाळी जाऊन पैसे काढू की थांबू? त्या हिशेबाला उपयोगी पडेल असं एकही वाक्य तुम्ही त्याला दिलेलं नाही. अडचण तिथे आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पैसे आहेत का? आज रात्रीच सीईओंना बसवून एक कागद करून घ्या. हातातली रोकड आणि इतर बँकांतल्या गुंतवणुका किती, पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या ठेवींची मुदत संपते, सहकार कायद्याच्या कलम 101 खालचे थकबाकी वसुलीचे दाखले कोणाकोणावर निघालेत आणि त्यातले खरोखर वसूल होण्याजोगे किती. या कागदावरून मुदतीच्या ठेवी देता येतील असं दिसत असेल, तर भाषेला काम आहे. देता येणार नाहीत असं दिसत असेल, तर पत्राच्या आधी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाची पायरी चढा आणि हप्त्यांची योजना घेऊन या. पैसे नाहीत हे माहीत असताना लोकांनी थांबावं म्हणून लिहिलेलं पत्र उद्या तुमच्याच विरोधातला पुरावा ठरतं. तसलं पत्र मी लिहून देत नाही. पुढचं उत्तर पहिली परिस्थिती धरून देतोय.

तुमचं निवेदन मी इथे उतरवतो: "काही हितशत्रूंकडून संस्थेविषयी अफवा पसरविल्या जात आहेत. एका शाखेत किरकोळ अनियमितता आढळून आली असून संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे. सर्व ठेवीदारांच्या ठेवी शंभर टक्के सुरक्षित आहेत. सभासदांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

हे निवेदन आलं तोवर गुन्ह्याची बातमी आकड्यासकट छापून आली होती. ज्याने ती वाचली त्याला 'अफवा' म्हटल्यावर काय वाटणार? हे लोक अजूनही लपवताहेत, एवढंच. ज्याने वाचली नव्हती, त्याला तुम्हीच सांगितलंत की काहीतरी भानगड आहे. 'किरकोळ' हा शब्द तर ज्या बाईच्या पावतीवर तिच्या नकळत कर्ज निघालंय तिला वाचून दाखवायची हिंमत कोणात आहे ते बघा. तिच्या मुलीच्या लग्नाचे पैसे आहेत ते. तिची झालेली ती 'गैरसोय' नव्हे. गैरसोय लिफ्ट बंद पडल्यावर होते.

पण रांग लावली ती तिसऱ्या वाक्याने. 'ठेवी शंभर टक्के सुरक्षित आहेत' हे वाक्य आपल्या जिल्ह्यात लोकांनी बुडालेल्या संस्थांच्या दारावरही वाचलेलं आहे. नोटाबंदीच्या वेळी, 14 नोव्हेंबर 2016 ला, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. त्यानंतरच्या महिन्यांत स्वतःच्याच खात्यातल्या पैशांसाठी खेटे घातलेले शिक्षक आणि शेतकरी तुमच्याही सभासदांत असतील. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहेत ही. त्यांना हे वाक्य दिलासा म्हणून ऐकू येत नाही, धोक्याची घंटा म्हणून ऐकू येतं. शिवाय खरं सांगायचं तर ते तुमच्या तोंडी शोभतही नाही. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेली. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाहीच. हे ज्याला माहीत आहे असा एक निवृत्त बँकवाला प्रत्येक गावात असतो आणि पारावर तोच बोलतो.

मग काय लिहायचं? माझा ठोकताळा असा की संकटानंतरच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य ठेवीदाराला स्वतः जाऊन, विचारून किंवा वाट पाहून तपासता आलं पाहिजे. 'आम्ही कटिबद्ध आहोत' हे कसं तपासणार? 'दर सोमवारी सकाळी फलकावर आकडे लागतील' हे तपासता येतं, सोमवारी येऊन बघायचं. सोमवारी आकडे लागले, की तुमच्या पुढच्या वाक्याला थोडी पत मिळते. विश्वास असाच परत येतो, आठवड्याला एक बारीक हप्ता.

यात एक खाचखळगा आहे, तो सांगतो. तारीख दिली म्हणजे झालं असं नाही. ती तारीख पाळणं तुमच्या हातात असलं पाहिजे. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्या वेळी व्यवस्थापकीय संचालकांच्या नावाने ग्राहकांना जो संदेश गेला त्यात त्यांनी जबाबदारी स्वीकारली होती आणि सहा महिने संपायच्या आत अनियमितता दूर करू असंही म्हटलं होतं. वरवर पाहिलं तर नमुनेदार पत्र: जबाबदारी आहे, मुदत आहे, माणसाचं नावही आहे. पण ती मुदत पाळणं त्यांच्या हातातच नव्हतं. निर्बंध वाढत गेले आणि अखेर जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. आता येस बँक पाहा. 5 मार्च 2020 ला निर्बंध लागले, 50,000 रुपयांची मर्यादा आली, आणि थोड्याच दिवसांत जाहीर झालं की 18 मार्चला संध्याकाळी सहा वाजता निर्बंध उठतील. उठले. यात भाषेचं कौतुक किती करायचं? फारसं नाही. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातलं म्हणून ती तारीख पाळता आली. भाषा पैशाच्या मागून चालली, पुढे धावली नाही, एवढंच तिचं शहाणपण.

म्हणून तुमच्या पत्रात 'अपहाराची सगळी रक्कम सहा महिन्यांत वसूल करू' असं चुकूनही लिहू नका. वसुली पोलीस, न्यायालय आणि आरोपीची मालमत्ता यांच्यावर अवलंबून आहे. 'सोमवारी आकडे लावू', 'येत्या पंधरवड्यात प्रत्येक पावतीधारकाला त्याचा खातेउतारा देऊ' हे तुमच्या हातात आहे. तेवढंच लिहा.

मी लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं. रिकाम्या जागी तुमचे आकडे आणि तारखा:

"सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या … शाखेत ठेवीदारांच्या मुदत ठेव पावत्यांवर त्यांच्या नकळत तारण कर्जं काढली गेली. लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार ही रक्कम आजपर्यंत … रुपये आहे. … खात्यांची तपासणी अजून बाकी आहे, त्यामुळे हा आकडा वाढू शकतो. या प्रकरणी शाखा व्यवस्थापकावर … तारखेला … पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला असून ते निलंबित आहेत. ज्या … ठेवीदारांच्या पावत्यांवर अशी कर्जं निघाली, त्या प्रत्येकाला आम्ही घरी जाऊन लेखी कळवलं आहे. ही रक्कम त्यांच्या ठेवीतून वळती केली जाणार नाही, असा ठराव संचालक मंडळाने … तारखेला केला. या शाखेची अंतर्गत तपासणी वेळेवर करून घेणं हे मंडळाचं काम होतं. ती वेळेवर झाली नाही. मुदत संपलेल्या ठेवी मागणीप्रमाणे दिल्या जात आहेत. मुदतीआधी पैसे हवे असल्यास दवाखाना, शिक्षण आणि लग्न या कारणांना आधी प्राधान्य मिळेल, अर्ज शाखेत आहे, उत्तर सात दिवसांत मिळेल. दर सोमवारी सकाळी साडेदहाला प्रत्येक शाखेच्या फलकावर मागच्या आठवड्यात परत दिलेल्या ठेवी आणि वसूल झालेलं कर्ज, हे दोन आकडे लागतील."

हे वाचून चेअरमनसाहेब दोन ठिकाणी अडणार, मला माहीत आहे.

पहिली जागा, 'हा आकडा वाढू शकतो'. ते म्हणतील, लोक घाबरतील. घाबरतील, पण एकदाच. आज एक आकडा सांगितलात आणि महिन्याने तपासणीत दुप्पट निघाला, तर तुमचे आधीचे सगळे आकडे खोटे ठरतात, खरे होते तेसुद्धा. जे माहीत नाही ते माहीत नाही असं आधीच सांगून ठेवलं, तर वाढलेला आकडा ही बातमी होते. नाही सांगितलं तर तो गौप्यस्फोट होतो.

दुसरी जागा, 'ती वेळेवर झाली नाही'. इथे वकील येतील आणि सहकार कायद्याचं कलम 88 दाखवतील, की उद्या संचालकांवर जबाबदारी निश्चित व्हायची आहे आणि तुम्ही आजच कबुली देताय. वकिलांची भीती खोटी नाही, म्हणून मी एक सीमा पाळतो: घडलेलं सांगायचं, कायद्याचा निष्कर्ष सांगायचा नाही. तपासणी झाली नाही हे लेखापरीक्षण अहवालात लिहिलेलंच असतं, ते सभासदाला कधीतरी वाचायला मिळणारच आहे. तेच शब्द आपण आधी उच्चारले तर बिघडत नाही. 'आमच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं' हा मात्र निष्कर्ष आहे, तो न्यायाधिकाऱ्यांवर सोडा. हाच नियम व्यवस्थापकालाही लावा. त्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. पत्रात त्याचं नाव नको, 'भामटा' तर नकोच नको. त्याचे नातेवाईकही तुमचे सभासद आहेत.

माफीचा प्रश्न वेगळा काढतो, कारण त्यात सगळेच घोळ घालतात. जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात संकटात सापडलेल्या संस्थेपुढच्या पाच वाटा शिकवतात: नाकारणं, जबाबदारी झटकणं, नुकसान लहान करून दाखवणं, दुरुस्ती करणं आणि माफी मागणं. तुमच्या पाच वाक्यांच्या निवेदनात या पाचही वाटा आहेत! हितशत्रू, संबंधित, किरकोळ, कारवाई, दिलगीर. एकाच वेळी पाचही वाटांनी पळणारा माणूस पळतोय एवढंच लोकांना दिसतं. माफी मागायचीच असेल तर आधी दुरुस्ती दाखवा आणि माफी ज्याची त्याच्याकडे मागा. ज्यांच्या पावत्या वापरल्या गेल्या त्यांच्या घरी चेअरमन स्वतः जाऊ देत. वर्तमानपत्रात अख्ख्या जिल्ह्याची माफी मागणं सोपं असतं, ओळखीच्या ओट्यावर बसून मागणं अवघड. गावात किंमत दुसरीला आहे.

दुरुस्ती दिसली पाहिजे, हे कॅडबरीच्या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईत डेअरी मिल्कच्या काही वड्यांत अळ्या निघाल्या. कंपनीचं पहिलं म्हणणं असं की कारखान्यात हे होणं शक्य नाही, दुकानदारांनी माल नीट साठवला नसेल. त्यावर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने विचारलं, मग वेष्टनाचं काय? ऐन दिवाळीत विक्री पडली. 2004 च्या सुरुवातीला नवं, जास्त घट्ट सीलबंद वेष्टन आलं, आणि मग अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांना आज अमिताभ आठवतात. पण गिऱ्हाईक दुकानात वडी हातात घेऊन वेष्टन दाबून बघू शकत होतं, ते नसतं तर अमिताभही नुसतेच बोलत राहिले असते. तुमचं 'वेष्टन' काय, ते मंडळाने ठरवायचं. माझी सूचना: पावतीवर कर्ज निघालं की ठेवीदाराच्या मोबाइलवर त्याच दिवशी मराठीत संदेश जाईल अशी सोय करा आणि ती सुरू झाल्यावरच जाहीर करा. सुरू करणार आहोत असं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. तुमचं पत्र वाचणार कोण? फारच थोडे. बाकीच्यांपर्यंत तुमची संस्था पोहोचते ती पिग्मी एजंटच्या, म्हणजे रोज दारोदार फिरून बचत गोळा करणाऱ्याच्या, तोंडून. रविवार कारंजावरचा भांडीवाला असो की पिंपळगावातला खतांचा दुकानदार, तो रोज संध्याकाळी एजंटच्या हातातल्या मशीनकडे बघत एकच प्रश्न विचारतो: "काय रे, तुमच्या संस्थेचं काय ऐकतोय?" आणि एजंट म्हणतो, "मला काय माहीत दादा, वर चाललंय काहीतरी." संपलं. तुमच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीवर या एका वाक्याने पाणी पडतं. आणि एजंटचा तरी काय दोष? त्यालाही काही सांगितलेलं नसतं. त्याचं कमिशन अडकलंय आणि घरी बायको विचारतेय की दुसरं काम बघणार आहेस का.

म्हणून पत्र बाहेर जायच्या आदल्या दिवशी सगळे एजंट, कॅशियर, शिपाई यांना एकत्र बसवा. पत्र वाचून दाखवा. त्यांचे प्रश्न आधी येऊ द्या, ते ठेवीदारांच्या प्रश्नांपेक्षा टोकदार असतात. मग प्रत्येकाला तीन वाक्यं द्या, बोलीतलीच: काय झालं, तुमच्या पैशाचं काय, आणि पुढची माहिती कधी. उदाहरणार्थ, "एका शाखेत पावत्यांवर खोटी कर्जं निघाली, केस झालीय. मुदत संपलेली ठेव मिळतेय, कालच अमुक शाखेत दिल्यात. सोमवारी बोर्डावर आकडे लागतात, बघून घ्या." यापलीकडचं विचारलं तर "मला माहीत नाही, विचारून उद्या सांगतो" असं म्हणायची मुभा द्या, आणि उद्या सांगता येईल असा एक माणूस मुख्य कार्यालयात फोनवर बसवा. काउंटरवरही हेच. ठेव काढायला आलेल्याला "का काढताय?" असं विचारू देऊ नका. पाणी द्या, टोकन द्या, किती वेळ लागेल ते सांगा. पैसे हातात घेऊन निघालेला माणूस बाहेरच्या रांगेला काय सांगतो, यावर ती रांग टिकते की पांगते.

व्हॉट्सॲपवर उत्तरं देत बसू नका. पत्राचा फोटो एकदा टाका आणि सोमवारी फलकाचा फोटो टाका, पुरे.

फलकावर हातातली शिल्लकही लावावी का, असं काही संस्था विचारतात. परिस्थितीवर आहे. शिल्लक भरपूर असेल तर पहिल्या सोमवारपासून लावा. बेताची असेल तर ती दर आठवड्याला उतरताना दिसेल आणि माणसं धावतील. अशा वेळी दोनच आकडे ठेवा. मात्र एकदा लावलेला आकडा नंतर काढायचा नाही. आकडा वाईट आला म्हणून फलक कोरा ठेवलात तर तो सोमवार लोक वर्षभर विसरत नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. दोन-तीन पानांचं अहवालवाचन, मग 'मंजूर, मंजूर' आणि नाश्ता, असली सभा यंदा चालणार नाही. विषयपत्रिकेत हे प्रकरण पहिला विषय ठेवा, शेवटचा नको. ध्वनिक्षेपक आधी सभासदांच्या बाजूला जाऊ द्या. आरडाओरडा होईल. व्यासपीठावरून कोणीही "शांत बसा" म्हणायचं नाही. प्रश्न लिहून घेणारा कारकून सगळ्यांना दिसेल असा बसवा आणि ज्यांची उत्तरं तिथे देता आली नाहीत ती पंधरा दिवसांत फलकावर लावा.

एक इशारा. हे सगळं पैशाच्या संकटाबद्दल लिहिलंय. जिथे जीव जातात तिथे हा क्रम चालत नाही. 21 एप्रिल 2021 ला आपल्याच नाशिक शहरात महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. अशा दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाला सोमवारचा फलक नको असतो. त्याला आत्ता, तोंडी, माणसाकडून कळायला हवं असतं की आपलं माणूस कुठे आहे. कारणमीमांसा, चौकशी समिती, मदत, सगळं त्यानंतर. कोणी दवाखान्याचे विश्वस्त हे वाचत असतील तर त्यांनी वरचा मसुदा उचलून वापरू नये.

तुमच्याकडे परत येतो. विश्वास परत येतोय की नाही हे कशावरून ओळखायचं? एकूण ठेवींच्या आकड्यावर जाऊ नका, त्यात व्याज जमा होतं, मोठा एखादा ठेवीदार आला-गेला की चित्र बदलतं. मी बघतो ते नूतनीकरण. या आठवड्यात मुदत संपलेल्या पावत्यांपैकी किती जणांनी पैसे न नेता परत ठेवले, आणि किती मुदतीसाठी. सुरुवातीला लोक 46 दिवसांसाठी, तीन महिन्यांसाठी ठेवतात. वर्षाच्या पावत्या पुन्हा फाटायला लागल्या की समजायचं, घडी बसतेय. हा आकडा उत्साहाने फलकावर लावायला काही संचालक निघतात. मी लावू देत नाही. तो मंडळाच्या बैठकीपुरता ठेवा. फलकावर गेला की त्याची जाहिरात होते, एजंटांना उद्दिष्ट दिलं जातं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गळ घालून पावत्या करून घेतात, आणि मग त्या आकड्यावरून तुम्हालाच काही कळेनासं होतं.